नळावरची सिमेंटची बाई

परभणीत ज्या खोलीत राहून मी बी.ए. झाले ती मुळात खोली नव्हतीच. वसूकाकूंच्या स्वयंपाकघरामागची ती जळण ठेवायची जागा. काकूंचे यजमान पाटबंधारे खात्यात कारकून होते. त्यांनी जळण परसात हलवलं, भिंतींना चुना दिला, एक खाट टाकली आणि राणीसावरगावहून आलेल्या मुलीला तिथं ठेवून घेतलं. माझ्या घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकपर्यंतही पोहोचलं नव्हतं. काकूंनी माझ्याकडून एवढंच मागितलं की संध्याकाळचं पाणी मी भरायचं. सकाळी भाकरी थापल्याचा आवाज भिंतीतून यायचा, त्या आवाजावर मी उठायचे. येसराच्या आमटीला फोडणी बसली की माझ्या खोलीत ठसका लागायचा आणि पलीकडून काकू म्हणायच्या, "कुशावर्ता, खोकलीस म्हणजे तिखट बरोबर पडलं बघ." या घराचे उपकार मी विसरलेले नाही. पुढे जे सांगणार आहे ते वाचताना वाचकांनीही ते विसरू नयेत.

नळ गल्लीच्या टोकाला होता, ओढ्याच्या अलीकडे. एक दिवसाआड संध्याकाळी पाणी सुटायचं. पाण्याआधी नळातून हवा यायची, चिडलेल्या मांजरीसारखी फिसफिसत, आणि तो आवाज ऐकून गल्लीतली दारं उघडायची. पण बाया बाहेर पडायच्या नाहीत. त्यांनी दुपारीच आपापली भांडी नंबराला लावलेली असायची. घागर, बादली, कळशी, तेलाचा डबा, कधी नुसता दगड. दगडाचाही नंबर धरला जायचा. आपली घागर नळाखाली यायची वेळ झाली की बाई दारातून येणार, भरणार, जाणार. आमच्या गल्लीतल्या पंचवीस घरांतल्या घागरी मला पोच्यांसकट ओळखू यायच्या, पण त्यांच्या मालकिणींपैकी निम्म्यांशी मी पहिल्या वर्षात एक शब्द बोलले नव्हते. सगळी बाहेरगावहून आलेली माणसं. कुणी मास्तर, कुणी बँकेत, कुणी पोरांच्या शाळेसाठी शेत बटईनं देऊन आलेला. घराला आधी कंपाउंड, मग भिंती, असा प्रकार.

त्याच नळावर दुसरी रांग ओढ्यापलीकडच्या गल्लीची. तिथली घरं बौद्धांची. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाड्यात घरं जळाली त्याला तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. आमच्या नळावर काही जळलं नव्हतं, कुणी कुणाला मारलं नव्हतं, पण तेव्हापासून दोन रांगा झाल्या होत्या. एक भांडं इकडचं, एक तिकडचं, असा न ठरवता ठरलेला क्रम. कुणी कुणाला "तुमचं झालं का" असंही विचारत नसे. भरलेली कळशी उचलली की पुढच्यानं समजून घ्यायचं. पलीकडच्या गल्लीतली निर्मला माझ्याच वर्गात होती. कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो, एकमेकींच्या वह्या उतरवायचो. नळावर मात्र ती तिच्या रांगेत, मी माझ्या रांगेत. कॉलेजातून येताना ओढा दिसायला लागला की आमचं बोलणं आपोआप थांबायचं. असं का, हे कुणी विचारत नसे.

विचारलं ते धारासूरकर सरांनी. शाळेत चित्रकला शिकवायचे, काकूंच्या समोरच भाड्यानं राहायचे, एकटेच. दाराशी खुर्ची टाकून ते संध्याकाळी नळाकडे बघत बसायचे आणि बाया म्हणायच्या, मास्तरांना दुसरं काही काम दिसत नाही. एक दिवस ते मला म्हणाले, "कुशावर्ता, इथं भांडी एकमेकांना खेटून उभी असतात आन् माणसं दारात. हे उलटं करायचंय मला." त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. नळापासून दहा पावलांवर एक लांब कट्टा, आणि कट्ट्याच्या एका टोकाला बसलेली सिमेंटची बाई. बाईचं तोंड बोलता बोलता उघडं राहिलेलं, मान वळलेली, आणि डावा हात शेजारच्या रिकाम्या जागेवर टेकवलेला, जणू म्हणतेय, टेक की गं जरा. शेजारी तीनजणी बसतील एवढी जागा. नगरपालिकेची परवानगी त्यांनी वर्षभर हेलपाटे घालून काढली. सिमेंट मिळालं, विटा मिळाल्या. कट्ट्याला फरशीऐवजी फुटक्या कपबश्यांचे तुकडे बसवायचे होते. "दोन्हीकडच्या घरांतून आण," सर म्हणाले. "कुणाचा तुकडा कुठं बसला ते बघायला तरी बाया येतील."

इकडच्या घरांतून मी गोळा केलं, तिकडच्या घरांतून निर्मलानं. फुटकी बशी मागायला गेलं की बाया आधी हसायच्या, मग माळ्यावर चढायच्या. कान तुटलेले कप, जिच्यावर लग्नात मिळाल्याची तारीख रंगवलेली ती थाळी, काचेच्या बांगड्यांचे तुकडे. वसूकाकूंनी एक धडधाकट कपबशी आणून माझ्या टोपल्यात ठेवली. ती बाहेरच्या कोनाड्यात पालथी असायची. सरपणवाली आली, गटार काढणारा आला, की तिच्यात चहा दिला जायचा. मी काकूंकडे पाहिलं. "बघतेस काय? ने," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. काकूंना नंतर मी किती वेळा दोष दिला असेल मनात, तेव्हा प्रत्येक वेळी मला त्या कपबशीची आठवण ठेवावी लागली. करीम मिस्त्रीनं ती हातोडीच्या एका टोल्यात फोडली.

आता मायबद्दल सांगायला हवं. माझी माय दर महिन्याला एस.टी.नं यायची. ज्वारीचं पीठ, डाळ, तिळाची चटणी, धपाटे असं बोचकं घेऊन. आमची साडेतीन एकर कोरडवाहू जमीन, माय स्वतःच्या शेतात राबायची आणि दुसऱ्याच्याही. कपाळावर आणि हनुवटीवर हिरवं गोंदण, पायात बहुधा काही नाही. तिला मी काकूंच्या घरी कधी नेलं नाही. "काकूंना पाव्हणे आवडत नाहीत," असं मी तिला सांगून ठेवलं होतं, आणि ते खोटं होतं. काकूंना मी सांगितलं होतं की आई फारशी घराबाहेर पडत नाही. म्हणजे दोन्हीकडे खोटं. माय भर दुपारी, गल्ली झोपलेली असताना यायची, नळाजवळ थांबायची, मी कॉलेजातून आले की बोचकं देऊन परतीच्या गाडीला जायची. हे लिहिताना आज साठी उलटल्यावरही मान खाली जाते.

त्या महिन्यात ती आली तेव्हा नळाजवळ विटांचा ढीग होता. ती त्यावर बसली आणि करीम मिस्त्रीशी बोलायला लागली. मी पोहोचले तेव्हा दोघांची जन्माची ओळख असल्यासारखं चाललं होतं. मिस्त्री सेलूचा, तिकडच्या जिनिंगमध्ये त्याचे भाऊ होते. माय त्याला कापसाच्या भावाचं विचारत होती आणि "टेक की रे बाबा जरा, उन्हात किती मरशील," म्हणत विटांवर हात आपटत होती. सर समोर उभे राहून वहीत भराभरा रेघा ओढत होते. दुसऱ्या महिन्यात ती आली तेव्हा सिमेंट ओलं होतं. मिस्त्री खिळ्यानं हनुवटीवर गोंदणाचे ठिपके पाडत होता.

माय जवळ जाऊन न्याहाळत म्हणाली, "नाक माह्यावानी कामून केलं रे?"

"नाक तो अच्छा हाय, मावशी," मिस्त्री म्हणाला. "सर बोले, यहीच नाक होना."

ती लाजून पदर तोंडाला लावून हसली. मी मात्र सरांना बाजूला घेतलं आणि म्हटलं, "सर, ही माझी आई आहे हे कुणाला सांगू नका." "तू सांगेपर्यंत नाही सांगणार," ते म्हणाले.

कट्टा झाला. पहिल्या आठवड्यात पोरं चढली, दोन-चार बाया आपला कप शोधायला आल्या. एक म्हणाली, "ही निळ्या फुलाची बशी माझ्या नणंदेची, तिनंच फोडली अन् माझ्यावर घातली." पलीकडच्या रांगेतली एक बाई फसकन हसली. एवढंच. पण सरांनी खुर्चीवरून उठून मला खूण केली, ऐकलंस ना?

मग नवरात्र आलं. घटस्थापनेच्या सकाळी सिमेंटच्या बाईच्या कपाळावर कुंकू होतं. पहिलं बोट कुणाचं होतं ते मी पाहिलं होतं, ते वसूकाकूंचं. त्यांच्या धाकट्याचा ताप आठ दिवस उतरत नव्हता, येताजाता त्यांनी हात जोडले होते, ताप उतरला. त्यात लबाडी नव्हती. दुसऱ्या दिवशी हळद, तिसऱ्या दिवशी हिरवं खणाचं कापड, नारळ, झेंडूचा हार. चौथ्या दिवशी कट्टा धुऊन काढला गेला आणि आता त्यावर बसायचं कुणी? देवीच्या शेजारी बूड टेकवून? पोरांना हाकललं गेलं. त्याच संध्याकाळी आमच्या गल्लीतली एक म्हातारी पलीकडच्या रांगेला म्हणाली, "बायांनो, घागरी जरा लांब ठेवा. देवीचा ओटा आहे." ओढ्याकडची रांग मुकाट्यानं चार पावलं मागे सरकली. त्या रांगेत निर्मलाची आई गयाबाई होती, जिनं आपल्या घरातल्या फुटक्या बश्या पाटीभर दिल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी वर्गात निर्मला माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमची देवी लय लवकर आली गं. आम्ही दिलेल्या बश्यांवर बसली तरी बाटली न्हाई, आमच्या घागरीनं बाटायली." मी वही उघडून बसले. मला सगळं ठाऊक होतं. त्या देवीच्या टाचांना भेगा होत्या, तिला तिळाची चटणी फार तिखट करायची सवय होती. आणि मी गप्प बसले, कारण सांगितलं तर माय कोण हे सांगावं लागणार होतं, आणि काकूंच्या देवीची मी थट्टा केली असंच झालं असतं. मग खोली गेली असती. खोली गेली की कॉलेज गेलं.

त्या संध्याकाळी वॉर्डाचे मेंबर येऊन गेले. दसऱ्याला देवीवर पत्र्याचा मंडप घालू, भोवती जाळी बसवू, असं त्यांनी जाहीर केलं. बायांनी टाळ्या वाजवल्या. सर करीम मिस्त्रीला घेऊन काकूंच्या परसात आले, मी भांडी घासत होते, काकू अजून नळावरच होत्या.

"करीम, मंडपाचे खांब यायच्या आधी ते फोडून टाक," सर म्हणाले. "मी बसायला जागा केली होती. उभं राहायला लावणारी जागा मला नको."

"तोडतूँ मैं सर, मेरा हात का काम है," मिस्त्री हळू आवाजात म्हणाला. "पन नाम किसका होता? सबेरे लोगां बोलते, नदी पार वालों ने तोड्या. नै तो बोलते, करीम ने तोड्या. नक्को सर."

ओढ्याला तो नदी म्हणायचा. कुणी हसलं नाही. सरांनी माझ्याकडे पाहिलं, पण शब्द दिला होता म्हणून बोलले नाहीत. ते तसेच गेले. मी राखेनं घासलेलं तेच पातेलं पुन्हा घासत राहिले. मंडप झाला तर निर्मलाची रांग कायमची चार पावलं मागे. मूर्ती फुटली तर त्याहून वाईट. मधला रस्ता माझ्या हातात होता आणि मी तो धपाट्यांच्या बोचक्यासारखा लपवून ठेवला होता. दुसऱ्या सकाळी आमच्या गावचा एक मुलगा एस.टी.नं गावी निघाला होता, त्याच्याजवळ निरोप दिला. मायला म्हणावं, अष्टमीला ये. दुपारी नको, संध्याकाळी ये. मुक्कामाला ये.

अष्टमीला पाणी यायचा दिवस होता. मी मायला घ्यायला स्टँडवर गेले. गंगाखेडला बदललेल्या गाडीला गर्दी, ती उभ्यानं आलेली, पायाला गोळे आलेले. रस्त्यात मी तिला काहीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती आलीच नसती. नळावर दोन्ही रांगा लागलेल्या, आमच्या बाया आरतीचं ताट घेऊन गोळा झालेल्या, वसूकाकू पुढे. माय कट्ट्याजवळ आली आणि थबकली. हार घातलेलं स्वतःचं तोंड तिनं एकदा खालून वर पाहिलं.

"आगं माय!" ती मोठ्यानं ओरडली. "मी कधी मेले?"

सगळ्या बाया वळल्या. माय पुढे होऊन सिमेंटच्या गळ्यातला हार काढायला लागली. "जित्या माणसाला हार घालतेत का वो कुठं? माह्या पोरीचं अजून लगीन व्हायचंय!"

"अहो, अहो, हात लावू नका! देवी आहे ती!" काकू ताट सावरत म्हणाल्या.

"कोन देवी? मी?" मायनं पदर मागे सारला आणि चेहरा चेहऱ्याशेजारी धरला. तेच नाक, हनुवटीवर तेच ठिपके. "बाई, म्या आत्ताच गंगाखेडापसून येष्टीत उभ्यानं आले. देवीला कुनी बसायला जागा देईना!"

आधी ओढ्याकडच्या रांगेतून हसू फुटलं. मग आमच्यातली एक तरणी सून तोंडात पदर कोंबून हसायला लागली. काकू हसल्या नाहीत. त्यांनी गोंदणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"कुशावर्ता, कोण या?"

माझा आवाज मलाच अनोळखी वाटावा इतका सरळ आला. "माझी माय आहे काकू. दर महिन्याला येते. मीच तिला तुमच्याकडे आणत नव्हते, तुमच्याशीही खोटं बोलले. सरांनी हिचाच चेहरा घेतलाय."

नळ वाहत होता, खालची घागर भरून सांडत होती, तो बंद करायलाही कुणी हललं नाही. माय मात्र तिला काही झालंच नाही अशी कट्ट्यावर, स्वतःशेजारी, मांडी घालून बसली. पायांचे तळवे चोळले, बोचकं सोडलं आणि ओल्या शेंगांचा ढीग मधोमध ओतला. "शेंगा उपासाला चालतेत," ती सगळ्यांना उद्देशून म्हणाली. मग तिची नजर मागे सरकलेल्या रांगेकडे गेली. "आन् तुमी बाया इतक्या लांब कामून? पानी तिकडं हाय का इकडं? या की, टेका जरा."

गयाबाई हलली नाही. तिनं निर्मलाकडे पाहिलं, निर्मलानं माझ्याकडे. मी गेले, गयाबाईची घागर उचलली आणि कट्ट्याला लावून ठेवली. तांब्याची जड घागर होती. ठेवताना कपबश्यांच्या तुकड्यांवर तिचा खण्णकन आवाज झाला. गयाबाई आली. मायच्या शेजारी नाही, एक जागा सोडून बसली आणि एक शेंग उचलून फोडली.

म्हातारी "कलियुग" म्हणून घरी गेली, तिच्यामागून आणखी दोघीतिघी. ती म्हातारी पुढे मरेपर्यंत दर शुक्रवारी त्या सिमेंटला कुंकू लावत राहिली आणि कुणी तिला अडवलं नाही. वसूकाकू ताट हातात घेऊन उभ्याच होत्या. माझी खोली गेली, असं मी धरूनच चालले होते. शेवटी त्यांनी ताटातली वात फुंकर मारून विझवली आणि म्हणाल्या, "आईला एवढ्या दुरून आणलंस ते नळावर बसवायला? घरी चहा होत नव्हता का?" मग मायकडे वळून, जरा घुश्शातच, "या घरी. आणि पुढच्या वेळी सरळ घरीच या. देवी होऊन येऊ नका."

मंडप झाला नाही. मेंबरांना दुसऱ्या वॉर्डात खरी देवी मिळाली. कट्ट्यावर लगेच सगळ्या हसतखेळत बसायला लागल्या असं कुणी समजू नये, तसं झालं नाही. बऱ्याच दिवसांपर्यंत इकडची एक, तिकडची एक, मधे सिमेंटची बाई, असं चालायचं. पण उभं राहून पाय दुखतात, आणि नळाला धार बारीक. हळूहळू रिकामी जागा दिसली की बाया टेकायला लागल्या. आज तिथं घरोघर नळ आहेत आणि संध्याकाळी ती गल्ली ओस असते. मी जाते तेव्हा मला पाणी आलेलं बरं वाटतं आणि माणसं गेलेली वाईट.

माझ्यासाठी मात्र हे प्रकरण ज्या संध्याकाळी पूर्ण होतं ती दिवाळीनंतरची. वसूकाकू कट्ट्यावर बसल्या होत्या आणि गयाबाई समोर कमरेवर हात ठेवून उभी.

"उठा की वो आता. रोज तुमीच टेकता. आमाला कंबर न्हाई का?"

"मग लवकर यावं. तुम्हाला काय बोलावणं पाठवायचं?"

"आमी कामावरून येताव. तुमच्यावानी दारात उभं ऱ्हाऊन घड्याळ बघत न्हाई!"

"मी घड्याळ बघते? मी? तुमची घागर परवा कुणी नळाखाली सरकवली, विचारा!"

"सरकवली तर उपकार केले काय? आन् पोचा पाडला तो?"

पाच वर्षांचं साचलेलं सगळं निघालं. कुणाच्या बादलीनं कुणाच्या घागरीला धक्का दिला, कोणत्या उन्हाळ्यात कुणी दोन नंबर लावले, कुणाच्या पोरानं दगड लाथाडला. मी आणि निर्मला आपापल्या रांगा सोडून मधे पडलो, पण आमचं ऐकतं कोण. समोर सर खुर्चीत बसले होते. मी धावत गेले आणि म्हटलं, "सर, थांबवा ना!" ते शांतपणे म्हणाले, "कशाला? घागरींऐवजी माणसं भांडतायत. बघू दे मला."

या भांडणात नळ गेला. शेवटची फिसफिस झाली आणि धार तुटली. दोघींच्या घागरी नळाखाली कोरड्या. आता परवाशिवाय पाणी नाही.

"झालं," काकू म्हणाल्या. "घरात प्यायला थेंब नाही. धाकट्याला काय देऊ?"

गयाबाईनं आपली रिकामी घागर कमरेवर घेतली. दोन पावलं गेली आणि वळून, अजून रागातच, म्हणाली, "आमच्या रांजनात हाय परवाचं. गाळलेलं हाय. चालत असंल तर पोरीला पाठवा."

काकू नळाकडे बघत राहिल्या. त्यांच्या घरात ओढ्यापलीकडचं पाणी कधी आलेलं नव्हतं, हे गयाबाईलाही माहीत होतं. म्हणूनच तिनं "चालत असंल तर" म्हटलं होतं. मी खाली वाकून आमची छोटी कळशी उचलली, म्हटलं, न्यायचंच तर निदान हलकं काही तरी न्यावं, नाही म्हटलं तर परत ठेवता येईल.

काकूंनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

"एवढ्यानं काय होणार," त्या म्हणाल्या. "नळाखालची मोठी घागर घे."